डाव्या पंखाची तीन पिसं

माझा उजवा खांदा आखडला तेव्हा मी नुकताच नोकरीतून मोकळा झालो होतो. एकतीस वर्षं एका कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. आधी कागदावर, मग कॉम्प्युटरवर, पण काम तेच: पाइप, झडपा आणि टाक्या यांच्या रेघा. खांदा गेल्यावर हात वरच जाईना. सकाळी बायको शर्टाची बाही धरून उभी राहायची आणि मी हाताने बाहीचं तोंड शोधत बसायचो.

बोरिवली पूर्वेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. तिथली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. दोरी झाली, काठी झाली, भिंतीवर बोटांनी चढणं झालं, आणि मग ती म्हणाली, "काका, आता समजा तुमच्या हातात धनुष्यबाण आहे. डावा हात पुढे. उजव्याने दोरी खेचा, कानापर्यंत."

मी नुसताच उभा राहिलो.

"खेचा ना."

"काय खेचू?"

"बाण. समजा आहे."

मला ते समजता येईना. तसं पाहिलं तर एकतीस वर्षं मी नसलेल्या वस्तूच काढत आलो होतो. पण त्यांना माप असायचं. या बाणाला मापच नव्हतं. तो किती लांब, किती जाड, कानापर्यंत आणला तर पुढे किती उरणार? मी तिला विचारलं. ती म्हणाली, "काका, तुम्ही फार विचार करता," आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं.

घरी बायकोला सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते.

"दाराच्या कडीला रबरी पट्टी बांधा आणि खेचा," ती म्हणाली.

"पण तो बाण नव्हे."

"तिने हात खेचायला सांगितलाय, बाण नाही."

तिचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी संध्याकाळपर्यंत माझं ठरलं होतं की आधी बाण करायचा. धनुष्य मोठं काम, ते नंतर.

मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. कुठल्याशा परदेशी जंगलात एक दाढीवाला माणूस बाहेरची काहीही वस्तू न घेता बाण करत होता. हाडाचं टोक, पिसं, झाडाची राळ, वाखाची दोरी. सुरुवातीलाच तो म्हणाला, रानात जा आणि एक सरळ फांदी शोधा. आमच्या इमारतीमागे नॅशनल पार्क आहे, पण तिथे पान तोडायला बंदी. सोसायटीच्या बागेत अशोकाची चार झाडं, त्यांच्या फांद्या लोंबणाऱ्या. फूटपट्टी खिशात घालून मी आठवडाभर बोरिवली पालथी घातली. सरळ फांदी नाही. जे काही सरळ होतं ते लोखंडाचं होतं.

मग बोरू आठवला. शाळेत आम्ही बोरूच्या लेखणीने अक्षर गिरवायचो. बोरू सरळ, हलका आणि आतून पोकळ. पूर्वी कधीतरी गोराईला गेलो असताना रस्त्याकडेच्या पाणथळीत त्याचं बेट पाहिलेलं होतं. मे महिना होता, बोरू वाळलेला मिळणार. मी कोयता वर्तमानपत्रात गुंडाळला, पिशवीत घातला आणि खाडीवर जाऊन बोटीत बसलो.

पलीकडे उतरून बरंच चालल्यावर बोरूचं ते बेट सापडलं. मी वाकून पाच-सहा काड्या तोडल्या. सातवीला हात घातला आणि मागून कोणीतरी माझी पोटरी धरली. धरली म्हणजे पकडीत धरून पिळली. मी ओरडलो. मागे एक पांढरा पक्षी मान लांब करून उभा होता, माझ्या कमरेला लागेल एवढा, आणि फुसफुसत होता.

"बदक आवरा तुमचं!" मी मोठ्याने म्हणालो. कोणाला म्हणालो ते मलाही माहीत नव्हतं.

कुंपणाच्या आडून एक म्हातारी आली. गुडघ्यापर्यंत गाऊन, गळ्यात क्रूस, हातात खराटा. तिने आधी पक्ष्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या कोयत्याकडे.

"बदक नाय ते," ती म्हणाली. "गूज हाय. हंस. तू काय करतंय माझ्या कुंपणाला?"

"मावशी, बोरू तोडतोय. बाण करायचाय."

"कोणाला मारायचाय?"

"कोणाला नाही."

"मग?"

"खांदा दुखतो माझा."

तिने खराटा कुंपणाला टेकवला. मग म्हणाली, "आत ये. हळद लावते पायाला."

तिचं घर एका वाडीत होतं, पुढे अंगण, बाजूला भाजीचे वाफे आणि कपडे धुतलेल्या पाण्याचं एक डबकं. डबकं त्या हंसाचं. मुलगा आणि सून परदेशात. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आणि हंस नऊ. नाताळला कापायला म्हणून आणलेला, पण त्या वर्षी तिचा नवरा वारला आणि हंस राहून गेला. त्यानंतर त्याला कापायचं कोणाचं धैर्य झालं नाही. दयेने नव्हे. जवळ जायचं कोणी?

हळद लावून घेताना मी अंगणात पडलेलं एक पीस पाहिलं. लांब, भरदार, मधली काडी जाड. व्हिडिओतला माणूस नेमकं असंच पीस वापरत होता. मी मागितलं. ती म्हणाली, "ने की. सगळीच ने." हंसाचे पिसं टाकायचे दिवस सुरू झाले होते.

"सगळी नको. एकाच पंखाची तीन हवीत. डाव्या पंखाची पिसं एका बाजूला वळतात, उजव्याची दुसऱ्या. मिसळली तर बाण भरकटतो."

हे मलाही आदल्याच दिवशी कळलं होतं. पण म्हातारीने ते फार गंभीरपणे घेतलं. ते पीस उजेडात धरून तिने उलटंसुलटं पाहिलं, हंसाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे डावं."

निघताना मी माझा नंबर देऊन आलो होतो, दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "अजून एक पडलं. डावंच हाय. ये."

मी गेलो. दोन मिळाली, तिसरंही मिळेलच म्हणून मी घाई केली. काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली राळ मेण घालून वितळवली आणि दोन्ही पिसं काडीला चिकटवून टाकली. ती अशी बसली की त्यानंतर नखानेही निघेनात.

आणि मग हंसाने उजवी पिसं टाकायला सुरुवात केली.

सकाळी साडेसातला फोन यायचा. मी डबा भरत असलेल्या बायकोला हाताने थांबवून उचलायचो.

"उजवं," पलीकडून आवाज यायचा, आणि फोन बंद.

असे अकरा फोन आले. म्हातारीने ती सगळी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून ठेवली. शेवटी बायको म्हणाली, "अकरा उजवी आहेत. त्यांतल्या तिघांचा दुसरा बाण करा. साधा हिशेब आहे."

"पण हा अर्धा झालाय."

"मग तो टाकून द्या."

मी तिचा जेवणाचा डबा उगाच उचलून हातात घेतला. ती म्हणाली, "डबा तुमचा नाही, माझा आहे," आणि तो परत घेऊन शाळेत गेली.

गोराईला गेलो की म्हातारीही असंच काहीतरी सुचवायची. "जा, धर त्याला आणि ओढ एक."

"दुखेल त्याला, मावशी."

"तुझी पोटरी धरली तेव्हा त्याने इचार केला?"

मी हंसाकडे पाहिलं. हंसाने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघेही जागचे हललो नाही. मग मी तिच्या न्हाणीघराच्या नव्या भिंतीचा नकाशा काढून दिला. तेवढ्यासाठी तिने मला चार वेळा जेवायला घातलं आणि प्रत्येक वेळी खिडकीची जागा बदलली.

तिसऱ्या पिसाची वाट पाहताना मी टोकाला हात घातला. रविवारच्या मटणातल्या नळीचं हाड उकळलं, वाळवलं, फोडलं आणि एक लांबट कपची घेऊन गॅलरीतल्या पाट्यावर घासायला बसलो. हाड फार चिवट. रोज दुपारी चार ते सहा घासायचो. पुढे-मागे, पुढे-मागे. तीन रविवारांची हाडं वाया गेली. चौथ्या रविवारी टोक आलं. दरम्यान काडीचे बाक काढायला ती गॅसवर शेकवून गुडघ्यावर वाकवायचो, तोही एक उद्योग होताच.

महिन्याभराने क्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टरने माझा हात वर केला. तो सरळ वर गेला. तिने तो मागे नेला, तर मागेही गेला.

"बघा!" ती म्हणाली. "घरी नेमाने केलात ना व्यायाम?"

मी हो म्हणालो.

बायकोला फार आनंद झाला. "चला, सुटला खांदा. आता त्या बाणाची गरज संपली."

तिचं पुन्हा बरोबर होतं. त्या दिवशी दुपारी चार वाजता मी सोफ्यावर बसून पाहिलं. सव्वाचारला उठून पाट्याशी गेलो.

साडेचारला दाराची बेल वाजली. सोसायटीचा सेक्रेटरी. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, वाहनांच्या सुट्या भागांचं दुकान, आवाज कायम चढलेला.

"काका, खालच्या मजल्याची कंप्लेंट आहे. तुम्ही रोज दुपारी कायतरी धार लावता म्हणे. महिनाभर. काय चाललंय काय?"

मी त्याला आत घेतलं आणि टोक दाखवलं.

"हे काय?"

"मटणाची नळी."

त्याने ती बोटावर टेकवली. "आयला," तो म्हणाला आणि बोट तोंडात घातलं. मग त्याला टीपॉयवरची काडी आणि तिची दोन पिसं दिसली. त्याचा आवाज एकदम खाली आला. असं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"काका, हा बाण आहे."

"अजून व्हायचाय."

"आपल्या बिल्डिंगमध्ये बाण बनतोय आणि मला माहीत नाही?"

पुढच्या रविवारी सोसायटीची सभा होती. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, वेफर्स. लिफ्टची दुरुस्ती झाली, गच्चीची गळती झाली, आणि सेक्रेटरीने चष्मा लावून वाचलं: "विषय चार. तिसऱ्या मजल्यावरील बाण."

बाण टेबलावर ठेवला होता. सगळे वाकून बघत होते.

"धनुष्य कुठेय?" कोणीतरी विचारलं.

"नाही."

"धनुष्य नाही तर बाणाचा उपयोग काय?"

"तेच म्हणतोय, उपयोग नाही तर घाबरायचं कशाला?" माझी बाजू घेणारा एकटाच निघाला, पहिल्या मजल्यावरचा, आणि तोही सेक्रेटरीशी भांडण असल्यामुळे.

"पिसं दोनच आहेत. म्हणजे तो बाण झालेलाच नाही."

"टोक आहे ना? टोक आहे म्हणजे बाण."

"अहो, टोक तर विणायच्या सुईलाही असतं!"

एका बाईंनी विचारलं, पंखा लावला तर हा आपोआप उडेल का? मी म्हणालो, नाही. त्यांनी विचारलं, लिहून द्याल? मी म्हणालो, देतो. लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, उद्या कोणी तोफ बनवेल, असं बरंच झालं. बायको पहिल्या रांगेत बसून वह्या तपासत होती. तिला विचारलं, तुमचं काय म्हणणं? ती मान वर न करता म्हणाली, "तो पूर्ण झाल्याशिवाय घरात शांतता नाही. लवकर करू द्या."

अखेर ठराव झाला. इमारतीत एका वेळी एकच बाण असावा. तो सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात राहावा. काम असेल तेव्हा सही करून न्यावा आणि सहाच्या आत परत करावा. मला पावती मिळाली: 'एक बाण, अपूर्ण.'

ती पावती मी पाकिटात ठेवली. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी बरं वाटलं. नोकरी सुटल्यापासून माझ्या कामाची पोच कोणी दिली नव्हती.

ऑफिसात जाऊन काम करायचं म्हणजे सेक्रेटरी समोर बसलेला. आधी तो फोनवर बोलायचा. मग फोनवर बोलता बोलता बघायला लागला. एक दिवस फोन ठेवून म्हणाला, "काका, डावीकडचं पीस जरा तिरकं बसलंय."

मी पाहिलं. बसलं होतं. केसभर.

"आता काही करता येणार नाही," मी म्हणालो.

"राळेला गरम चमच्याची पाठ लावून बघू या का?" त्याने स्वतः वर जाऊन घरून चमचा आणला. अर्धा तास आम्ही दोघं श्वास धरून त्या पिसाशी झटत होतो. सोसायटीचा वॉचमन पाण्याची मोटर लावायची का ते विचारायला आला तर सेक्रेटरी त्याच्यावर खेकसला, "दिसत नाय काय, काम चाललंय?"

गणपती गेले. एका सकाळी साडेसातला फोन वाजला.

"डावं," म्हातारी म्हणाली. या वेळी तिने फोन ठेवला नाही. "कालपासून पंख खाजवत होता. मला वाटलंच होतं. मी बसूनच होते त्याच्यापाशी."

मी ऑफिसात जाऊन सांगितलं तर सेक्रेटरी उभाच राहिला. पीस लावलं. आता वाख गुंडाळायचा होता. मला ते कधी घट्ट जमत नव्हतं, म्हातारीला जमायचं, म्हणून बाण गोराईला न्यावा लागणार होता. सेक्रेटरी म्हणाला, नियमाप्रमाणे बाण सोसायटीबाहेर जाताना समितीचा माणूस सोबत पाहिजे. असा नियम नव्हता. आणि तो असंही म्हणाला, "गच्चीवर मंडपाचा बांबू पडलाय. धनुष्य होईल त्याचं. मी जरा तासून ठेवलाय."

रविवारी आम्ही निघालो. मी, बायको आणि सेक्रेटरी. बाण मी साडीच्या खोक्यात घातला होता. धनुष्य सेक्रेटरीने चादरीत गुंडाळून खांद्यावर घेतलं होतं. बोटीतल्या एका मासेवालीने विचारलं, "छत्री हाय का?" तो म्हणाला, "हो."

म्हातारीने घायपाताचा वाख ओला करून ठेवला होता. बाण मांडीवर घेऊन ती एकेक वेढा दाताने ओढून घट्ट करत गेली. पिसांच्या दोन्ही टोकांना आणि हाडाच्या टोकाखाली. आम्ही तिघं समोर बसून पाहत होतो. मग तिने वाख तोडला, बाण डोळ्यापाशी धरून एक डोळा मिटला आणि म्हणाली, "झाला."

अंगणाच्या टोकाला एक जुनी गोधडी वाळत घातली होती, ती आमची खूण. अंतर सेक्रेटरीने पावलांनी मोजलं, वीस. हंसाला टोपलीखाली ठेवायचं ठरलं, पण ठेवणार कोण यावर एकमत झालं नाही आणि तो मोकळाच राहिला.

पहिला मान माझा. पाच महिने ज्याची मनात रेघ मारत होतो तो बाण मी दोरीला लावला, कानापर्यंत खेचला आणि सोडला. दोरी वाजली. बाण माझ्या चपलेशेजारी पडला.

"खाचेतून सुटला," सेक्रेटरी म्हणाला. "द्या इकडे."

त्याचा बाण उडाला. पण वर. सरळ वर. आम्ही सगळे मान वर करून उभे, आणि मग बायको मोठ्याने म्हणाली, "अहो, तो खाली येणार आहे!" तेव्हा सगळे एकदम पळालो. सेक्रेटरी न्हाणीघरात, मी पडवीच्या तुळईखाली, बायको म्हातारीला ओढत ओट्यावर. बाण भेंडीच्या वाफ्यात उभा रुतला. हंस तेवढा हलला नव्हता.

"दे मला," म्हातारी म्हणाली.

"मावशी, दोरी फार कडक आहे."

"दे म्हणते ना."

तिने गाऊन खोचला. धनुष्य आडवं धरलं, आम्ही कोणीच धरलं नव्हतं तसं, पोटापाशी. फार खेचलंही नाही. तोंडाने काहीतरी पुटपुटली आणि सोडलं. बाण सरळ गेला. जमिनीपासून छातीच्या उंचीवर, एकदाही न डगमगता, पिसं फिरताना दिसली मला. गोधडीच्या मधोमध लागला आणि आरपार अर्धा पलीकडे जाऊन लोंबत राहिला.

बायकोने टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी आधी "झकास" म्हणाला आणि मग नुसताच "आई शपथ, आई शपथ" म्हणत राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचं कारण मला आजही नीट सांगता येणार नाही. तो उडाला, एवढंच.

म्हातारीने गोधडीतून बाण ओढून काढला, गाऊनला पुसला आणि घरात नेऊन ठेवला. आम्ही जेवलो. निघायची वेळ झाली तरी तिने तो बाहेर आणला नाही. सेक्रेटरी माझ्याकडे बघत होता. त्याला कपाटाची चिंता. मी त्याला मानेने नको म्हणालो.

नाताळच्या दुपारी तिने आम्हाला बोलावलं. या वेळी मी आणि बायको दोघंच गेलो. घरात वीसेक माणसं होती, चर्चमधली, शेजारची, आणि मुलगा-सूनही आलेले. बाण बाहेरच्या खोलीत दोन खिळ्यांवर आडवा लावला होता, येशूच्या तसबिरीखाली. येणारा प्रत्येक जण विचारायचा आणि म्हातारी खुर्चीत बसून सांगायची. तिने हे पीस कसं निवडलं, डावं-उजवं कसं ओळखायचं, हाड कसं घासायचं, राळ किती गरम हवी. सगळं अचूक सांगत होती.

"आणि हे सगळं तू एकटीने केलंस?" मुलाने विचारलं.

"एकटीने कसं? हा होता की," तिने माझ्याकडे बोट केलं. "बोरिवलीवरनं येतो. बोरू तोडून द्यायचा मला. खांदा दुखायचा बिचाऱ्याचा, तरी यायचा."

सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. बायकोने ओठ घट्ट मिटून घेतले होते आणि तिचे खांदे हलत होते.

"हो," मी म्हणालो. "बोरू मी आणला."

मुलाने माझ्या ताटात आणखी एक गोल, तळलेला फुगिया वाढला.